मेरुमण्यापाशी

बहारीनमधल्या सलमानियाच्या हॉस्पिटलात बायकोला ऑपरेशनला आत नेलं आणि तिची तुळशीची माळ माझ्या हातात राहिली. घामाने ओल्या झालेल्या मण्यांना वास सुटला, आणि मला वीसेक वर्षांपूर्वीच्या इंग्रज मॅडम आठवल्या.

त्या प्रवासाची पुस्तकं लिहायच्या. बहारीनवर लिहायला आल्या होत्या, मी त्यांचा ड्रायव्हर. म्हातारपणी कॅथलिक झालेल्या, त्यामुळे जपमाळ सतत मुठीत. तुबलीजवळ गाडीतच त्यांच्या छातीत कळ आली, तसं मी त्यांना इथेच आणलं. हाताला सलाईन, मणी ओढता येईनात. "प्रार्थना मी म्हणते, मणी तू ओढ," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या.

मी ओढत गेलो. क्रूस लोंबत होता तिथे पोचलो आणि सवयीने माळ उलटी फिरवली.

"मागे का?"

मी ओशाळलो. "आमच्यात मेरुमणी ओलांडत नाहीत, मॅडम. तिथून मागे फिरतात. चुकलं माझं."

"आमच्यात पुढे जायचं असतं." त्यांनी डॉक्टर येणार होते त्या दाराकडे बघितलं. "पण मागेच फिरव. आज मला पुढे जायची भीती वाटतेय."

त्या बऱ्या होऊन मायदेशी गेल्या. जगभर फिरलेली बाई कशी घाबरली, हे मी रूमवर कितीदा हसत सांगितलं.

आता तीन तास झालेत. समोरचं दार उघडलं तेव्हा अंगठा मेरूपाशी आला होता. मी आधी माळ मागे फिरवली, मगच मान वर केली.