सिस्टरला नापास करणारं गाव

परभणीला जायचं ठरवलं तेव्हा घरात हशा पिकला. "लोक महाबळेश्वरला जातात, तू आरोग्य उपकेंद्रात चाललीस," असं नवऱ्याने बॅग भरता भरता ऐकवलं. पण मला जायचंच होतं. माझं काम भाषांतराचं. सरकारी दवाखान्यात जाऊन आलेल्या माणसाला तिथे कसा अनुभव आला, किती थांबावं लागलं, त्याचं बोलणं कुणी ऐकून घेतलं का, हे विचारणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली मी नुकतीच मराठीत आणली होती आणि तिच्यावर भलतीच खूश होते. प्रश्न विचारणाऱ्यांत एक जागा रिकामी आहे असं अभ्यासगटाच्या प्रमुख नीलिमाताई म्हणाल्या, आणि मी हात वर केला.

पुण्याहून गाडी सकाळी परभणीला पोचते. स्टेशनबाहेर सुशीला खा. नावावरून फसू नका, ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी घातलेली न्याहारी असते, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. मी दोन प्लेटा खाल्ल्या. तिथून जिंतूरकडे जाणारी एसटी धरायची आणि झरीला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत आमचंच राज्य होतं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभरा. झरीतून पुढे शेअर रिक्षाने आत एक गाव आहे. त्याचं नाव देणार नाही, कारण ज्यांनी उत्तरं दिली त्यांना आम्ही तसा शब्द दिलाय.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि शोभा सिस्टर. कंत्राटी नोकरी, वर्षावर्षाने मुदत वाढवून मिळते, मुलगी झरीच्या शाळेत दहावीला. यंदाची मुदत संपत आली होती, आणि ती वाढवताना आमचे फॉर्मही बघणार असं तालुक्याला ठरलं होतं. सिस्टरनीच हे चहा देताना सांगितलं. "मॅडम, जे येईल ते येईल," असंही म्हणाल्या आणि ओट्यावरच्या पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला काळजी वाटली नाही. ओट्यावर गर्दी होती, पोरं सिस्टरच्या टेबलाखाली खेळत होती, एक आजोबा फक्त बीपी बघून घ्यायचं निमित्त काढून गप्पा मारत बसले होते. मी घरोघर फॉर्म घेऊन निघाले.

"सिस्टर तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?"

"न्हाई."

"उपचार कसा वाटला? खराब, ठीक, चांगला, उत्तम?"

"खराब. लय खराब."

पहिल्या घरी मी मान डोलावली. पाचव्या घरी पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या गावाने सिस्टरला नापास केलं होतं, तेही चेहरा सरळ ठेवून. मला सिस्टरचा राग आला. वरवर गोड दिसणारी बाई मागून काय काय करत असेल, असं मनात येऊन गेलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

शेवटचं घर भागूबाईंचं. साठीच्या, दहा-बारा शेळ्या आणि थोडी मेंढरं राखणाऱ्या, दर मंगळवारी बीपीच्या गोळ्यांसाठी शेळ्यांसकट उपकेंद्रात येणाऱ्या. त्यांनीही वीसच्या वीस प्रश्नांना 'खराब' लावलं. मग आत गेल्या आणि फडक्यात बांधलेला गरम हुरडा घेऊन आल्या.

"एवढा सिस्टरला न्या. थंड व्हायच्या आत द्या. सकाळधरनं उपाशी असंल ती."

"मावशी," मी म्हटलं, "आत्ता तर तुम्ही तिला खराब म्हणालात."

भागूबाईंनी दार लोटून घेतलं. "तुमी वाईट वाटून घेऊ नका. मागं एक डाक्टर आलता. लय गुणाचा. आमी समद्यांनी तारीफ केली, अर्ज लिवला, अंगठे दिले. दोन म्हैन्यांत साहेबांनी त्याला उचलून तालुक्याला नेलं. आता तुमी आलाव आन् म्हणलाव, ही माहिती वरिष्ठांकडं जाणार. मग आमी काय चांगलं सांगावं? ही बी जाईल की!"

मी हातातला फॉर्म परत उघडून वाचला. ते वाक्य माझं होतं. 'ही माहिती वरिष्ठांकडे पाठवली जाईल.' फॉर्मच्या डोक्यावर मीच ते ऐटीत लिहिलं होतं आणि प्रत्येक दारात मोठ्याने वाचलं होतं. गाव सिस्टरला वाचवायला धडपडत होतं आणि त्याच कागदांनी तिची नोकरी जाणार होती.

उत्तर देणाऱ्याला काही सुचवायचं नाही, हा आमचा पहिला नियम. म्हणून मी गप्प राहून हुरडा पोचवला आणि बाहेर येऊन नीलिमाताईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "सगळे फॉर्म बाद," त्या म्हणाल्या. "कागद कशासाठी आहे ते आपणच नीट सांगितलं नाही. मी तालुक्याला बोलते. परवा गाव गोळा कर, स्पष्ट सांग आणि परत विचार."

मधला एक दिवस मोकळा मिळाला. झरीहून जिंतूरला आणि तिथून पुढे चारठाण्याला एसटीने गेले. तुम्ही त्या भागात असाल तर चुकवू नका. घरांच्या मधेमधे जुनी कोरीव देवळं उभी आहेत आणि एक उंच दगडी स्तंभ, ज्याच्याकडे बघून मान दुखते. जेवायला टपरीवजा खानावळीत ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे धान्यं नि मसाले भाजून दळलेल्या पिठाची, आमटी मिळाली, पोटभर आणि स्वस्त. पण खरं सांगते, लक्ष सगळं त्या फॉर्मांत होतं.

चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर मी उभं राहून साध्या मराठीत सांगितलं. चांगलं लिहिलं म्हणून सिस्टरला कुणी नेणार नाही, तालुक्याने तसा शब्द दिलाय. सगळं वाईट लिहिलं तर मात्र ती राहणं अवघड. जे खरं असेल ते सांगा.

झालं! आता प्रश्न संपायच्या आत 'उत्तम' येऊ लागलं. "सिस्टर तुमचं..." "उत्तम!" "अहो, प्रश्न तरी ऐका." "ऐकायचं काय त्यात, उत्तम लिवा!" मी कपाळाला हात लावला. असल्या कागदावर तालुक्यात कोण विश्वास ठेवणार?

पारावर भागूबाईंचा नंबर आला. सगळं उत्तम, उत्तम करत त्या थांबण्याच्या प्रश्नाशी आल्या आणि म्हणाल्या, "हितं खराब लिवा."

मागून ओरडा झाला. "भागे, काय करायलीस?"

भागूबाई वळल्या. "बाजारात शेळी इकताना एक तरी खोड सांगावी लागती. समदंच गोड सांगितलं तर गिऱ्हाईक भरवसा ठेवत न्हाई. आन् खरंच हाय ते. मंगळवारी दोन-दोन घंटे बसावं लागतं, तवर माज्या शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरत्यात."

पारावर हशा पिकला. त्यानंतर लोक खरं बोलू लागले. एकीने सांगितलं, खोकल्याचं औषध महिनाअखेरीला संपतं. आजोबा म्हणाले, ओट्यावर सावली नाही. बाकी सगळं उत्तम, आणि या वेळी त्या 'उत्तम'वर माझा विश्वास बसला. ज्यांचे फॉर्म आधीच नुसत्या 'उत्तम'ने भरले होते त्यांना मी परत बसवलं. भागूबाईंनी निघताना बजावलं, "कोण म्हणलं ते तिला सांगू नगा."

आता घरी आहे. फॉर्मच्या डोक्यावरचं ते वाक्य मी खोडून तीन साधी वाक्यं लिहिली. येताना तिकडची ज्वारी आणली, तिच्या भाकरी करायला घेते आणि दर वेळी कडा फाटतात. नवरा तक्रार न करता खातो. एकूण मी मजेत आहे.

काल सिस्टरचा फोन आला. मुदत वाढली. दोघी बराच वेळ नुसत्या हसत होतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, मंगळवारी थांबावं लागतं असं कोण म्हणालं?"

"नाव सांगता येत नाही," मी म्हटलं.

"नका सांगू. शेळ्या घेऊन येणारं गावात एकच माणूस आहे. आता मंगळवारी पहिला नंबर तिचा."