चूक न होऊ देणारे दट्टे

१३ जून, शुक्रवार. काम: लाकडी दट्टे पॉलिश पेपरने घासून कपाटात लावणे. सोमवारी वर्ग सुरू.

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका चुकांचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत सापडणार नाही. एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. तिथून निघताना लोखंडावर नंबर उठवायचे पोलादी पंच त्यांनी बरोबर आणले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात बिननंबरी वस्तू उरलेली नाही. लोक भेट द्यायच्या भांड्यांवर नाव घालतात. भाऊजींनी मला दिलेल्या डब्यांवर १ आणि २ आहे, झाकणावरही तेच. ताई, म्हणजे माझी नणंद, एकदा देवळातून दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून आली, तर दारातच विचारणा झाली, "चौदा नंबर कुठे गेला?" ताई म्हणते, मी कुशीवर झोपते, नाहीतर कपाळावर ठोकतील.

कारखाना बंद पडल्यावर तीन वर्षं ते गॅलरीत बसून होते. मी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मॉन्टेसरी काढते म्हटल्यावर उठले. "वहिनी, बाहेरून काही मागवू नका. आधी माझं काम बघा." एमआयडीसीच्या आनंदनगर भागातून मशिनींच्या खोक्यांचं लाकूड आणलं, बदलापूरच्या मित्राच्या लेथवर महिनाभर कातलं. गिरवायची अक्षरं त्यांनी खरखरीत कागदातून कापली, पण इतक्या जाड्या पेपरची, की 'अ' गिरवताना माझं बोट सोललं. "पक्कं काम आहे," असं वर ऐकवलं. मग मऊ कागदाची दुसरी केली. ताई मला हळूच म्हणाली, "जेवताना बोलायला लागलेत गं. आज तर मिठावरून भांडले." म्हणजे बरं चाललं होतं.

मग दट्ट्यांचे चार ठोकळे आले. प्रत्येकात दहा भोकं, दहा दट्टे. काम असं, की जाडी चढत जाणाऱ्या ठोकळ्यात दट्टा भोकावर ठेवून सोडला की हवा सोडत सावकाश खाली बसायचा. आणि प्रत्येक दट्ट्यावर नि प्रत्येक भोकाशेजारी पंचाने ठोकलेला नंबर.

मी समजावलं. इथे मुलाने चुकायचं असतं. बारका दट्टा मोठ्या भोकात गेला की शेवटी एक जाडा हातात उरतो, कुठेच जात नाही. मग मूल आपणच सगळे काढून पुन्हा लावतं. बाईंनी बोलायचं नाही.

"म्हणजे चुकायला जागा मुद्दाम ठेवायची?"

"हो."

"आणि इन्स्पेक्शन कोण करणार?"

"पोरगंच."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मला समजावता आलं नव्हतं, का त्यांना समजलं नव्हतं, हेच मला समजत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिंधी आंटी नातीला घेऊन आल्या. साडेतीन वर्षांची. बसली, नंबर बघितले. "ये डकवाला इधर. ये चश्मावाला इधर." पंच इंग्रजी आकड्यांचे, म्हणून दोनचं बदक, आठचा चष्मा. दहाच्या दहा दट्टे पहिल्या झटक्यात बसवले. आंटींनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "एकही चूक नाही."

पोर हुशार, काम सुंदर, आणि तरी सगळं फुकट. तिने जाड-बारीक काही पाहिलंच नव्हतं. नंबर बुजवले तर भाऊजी समजणार, माल रिजेक्ट झाला. पुन्हा गॅलरीत जाऊन बसतील. ठेवले तर पोरं वर्षभर बदक आणि चष्मे जुळवत बसतील. ते घरी गेल्यावर ताईला फोन केला. ती म्हणाली, "बुजव, पण त्यांना सांगू नकोस."

"सोमवारी बघायला येणार ना ते?"

"मग मला विचारू नकोस."

घासता घासता ठोकळा पालथा केला, तर खाली कोपऱ्यात ४१७. चारही ठोकळ्यांखाली तेच. इतकी भोकं तर नव्हती. पुन्हा फोन केला. या वेळी भाऊजींनी उचलला.

"तो माझा कारखान्यातला टोकन नंबर. उद्या खोट निघाली तर कुणाला धरायचं, कळायला नको?" मग म्हणाले, "वहिनी, त्या पोरीने एकदाही भोकात बोट घालून बघितलं नाही. मी बघत होतो."

मी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"नंबरात लांबी भरा, सुतार फटी बुजवायला वापरतात ती. घट्ट कालवा, पातळ झाली की वाळल्यावर खाली बसते. आणि सोमवारी मला एक चटई ठेवा. मी बोलणार नाही."

शनिवारी सकाळी लवकर वर्गात गेले. चाळीस दट्टे, चाळीस भोकं, सगळे नंबर लांबी भरून बुजवले आणि ठोकळे पंख्याखाली वाळत ठेवले. खालचा ४१७ तसाच ठेवला. पोरांना तो दिसायचा नाही, तरी त्याच्यावरून पॉलिशचा एक हात जास्तीचा फिरवला. मग सोमवारसाठी छोट्या चटया मांडल्या आणि भिंतीकडेला एक मोठी.