शेवटच्या शब्दाची जागा

पिरंगुटच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली ब्रोकरने ‘मास्टर बेडरूम’ म्हणून गळ्यात मारली होती. आता तिथे कॉम्प्युटर, माइक आणि भिंतीभर गोधड्या आहेत. आठवडाभर मी हिंजवडीत नोकरी करते आणि रविवारी त्या खोलीत पोरांचे रॅप रेकॉर्ड करते. नवरा म्हणतो, नांदेडहून इथवर येऊन शेवटी गोधड्यांचंच दुकान टाकलंस.

गोधड्या कोळवणच्या एका रॅपरच्या आईने शिवलेल्या. खोलीत आवाज फार घुमायचा, म्हणून तोच त्या एसटीतून घेऊन आला होता. तो आणि त्याच्या वस्तीतला दोस्त, दोघे जोडीने रॅप करायचे. दोस्ताने ओळ म्हणायची, शेवटचा शब्द सोडून द्यायचा आणि याने तो झेलायचा. बुद्धविहारात मोठ्यांच्या मागे कोरस धरत वाढलेली ही मंडळी. शिकवावं लागलंच नाही.

दोघे एकाच कंपनीत, एकाच मशीनवर होते. मग दोस्त पर्मनंट झाला, त्याला पर्मनंटवाल्यांचा वेगळ्या रंगाचा शर्ट मिळाला, आणि गोधडीवाल्याचं कंत्राट संपलं. त्यांच्या गाण्यात एक ओळ होती: ‘मशीन एकच हाय, पण शर्ट दोन रंगाचे’. दोस्त म्हणाला, “एवढी ओळ काढू. सायब लोकं ऐकतील.” हा म्हणाला, “शर्टासंगं तू बी बदललास.” दिवाळीपासून बोलणं बंद. जयंतीच्या मिरवणुकीत हे गाणं दोघांनी म्हणायचं ठरलेलं, आणि जयंती तोंडावर आलेली. मला दोघांचाही राग आला होता. अशी जोडी काय बाजारात मिळते?

एका रविवारी दोस्त एकटाच आला. “ताई, एकट्याचंच करू.”

हेडफोन चढवून त्याने छाती भरून म्हटलं. पण स्क्रीनवर प्रत्येक ओळीनंतर आवाजाची रेघ सपाट पडलेली. शेवटचा शब्द गायब.

“अरे, एकटा म्हणतोयस ना? मग पूर्ण म्हण की!”

“म्हनतोय की.”

पुन्हा तेच. मी खेकसले तसा तो माइकसमोर खालीच बसला. “तोंडच थांबतंय ताई. तितं त्याचा आवाज असतोय.”

वादातली ओळही त्याने म्हटली होती, मी काही न सांगता. विचारलं तर म्हणाला, “ती काढली तर गाण्यात ऱ्हातंय काय?”

“मग हे त्याला सांग.”

“कुटल्या तोंडानं सांगू?” म्हणत तो गेला.

पुढच्या रविवारी मी त्या रेकॉर्डिंगशीच झटत बसले होते. बेल वाजली. दारात गोधडीवाला. “आईनं गोधड्या मागितल्यात,” खाली बघत म्हणाला. त्याची आई दिलेली वस्तू परत मागणारी बाई नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

“घे काढून,” मी म्हटलं आणि मुद्दाम स्पीकर मोठा केला.

तो खिळ्यावरची पहिली गोधडी काढू लागला. दोस्ताचा आवाज खोलीभर. ओळ, आणि मग नुसता ठेका. ओळ, आणि नुसता ठेका. त्याचे हात मंदावले. मग ती ओळ आली: ‘मशीन एकच हाय, पण शर्ट दोन...’

“ही ठिवली त्यानं?”

“त्यानेच. मी कशाला सांगू?”

“परत लावा.”

लावली. या वेळी त्या जागी तो पुटपुटला, “रंगाचे.” मग गोधडी पुन्हा खिळ्याला अडकवली, नीट ताणली आणि हेडफोनसाठी हात पुढे केला.

एकेक जागा भरत गेली. श्वास कुठे घ्यायचा तेही त्याला विचारावं लागत नव्हतं. गाणं संपलं तरी तो माइकपाशीच उभा राहिला आणि माइकलाच म्हणाला, “बोलवायचं तरी, येड्या. आलो असतो की.”

असली बडबड मी नेहमी कापून टाकते. ही कापली नाही. आहे तसं सगळं दोस्ताला पाठवून दिलं.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. नमस्कार नाही, ताई नाही. “तो हाय का तितं? द्या त्याला.”

मी फोन गोधडीवाल्याच्या हातात दिला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. चहाला आधण ठेवलं. डोळे भरून आले होते, आणि आत काय चाललंय ते ऐकायचा मोह काही आवरेना. दाराला कान लावला.

काही ऐकू आलं नाही. गोधड्या आपलं काम चोख करत होत्या.