केलर्टनचं देखणं माहितीपत्रक

केलर्टन गावचं माहितीपत्रक गेली अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या कचेरीत लोरेटा स्ट्युबरच टाइप करत आली होती. लोकसंख्या, घरटी उत्पन्न, बेकारी, शाळा, चर्च. इंडियानातल्या या सव्वीस हजार वस्तीच्या गावाची नाडी तिच्या बोटांखाली होती. अक्कल मात्र महापौर डेल प्रुइटकडे आहे, असा गावाचा समज.

सव्वीस हजारांत तुरुंगातले अठराशे कैदीही धरलेले. डेल त्यांना ‘आमचा तरुण वर्ग’ म्हणायचा!

गिअरच्या कारखान्याला कुलूप लागल्यापासून पहिल्यांदाच कुणी जागा बघायला येत होतं. गोठवलेल्या पिझ्झाचा कारखाना, चारशे नोकऱ्या. केलर्टनला, नाहीतर पार केंटकीतल्या ओस्विनला. लोरेटाचा जीव त्यात अडकलेला. मुलगी जोलीन पोटापायी टेक्सासला गेली होती. “तिकडे काम मिळालं ना मम्मा, तर पोरींना घेऊन उद्या निघते,” असं तिनं फोनवर सांगितलेलं.

डेलनं पत्रक तिच्या टेबलावर आपटलं. “घरटी एकेचाळीस हजार? अगं, लाज काढशील! तळ्याकाठचे बंगले धर त्यात.”

“ते शिकागोवाल्यांचे आहेत. जुलैत येतात, होड्या फिरवतात, चालते होतात.”

“कर भरतात ना? मग आपलेच. आणि बेकारी नऊ टक्के? तीन कर.”

“बाकीचे सहा टक्के कुठं ठेवू? तुझ्या गॅरेजात?”

“तुझी जीभ शाळेपासून अशीच, लोरेटा.”

“आणि तुझं गणितही.”

एवढं फटकारलं, आणि टाइप मात्र त्यानं सांगितलं तसंच केलं. अशी ही बाई!

जागा बघायला आलेल्या कंपनीच्या बाईंना गावच्या रिवाजाप्रमाणे अग्निशमन केंद्रात पॅनकेक खाऊ घातले. बाईंनी चकचकीत पत्रक चाळलं आणि एकच विचारलं, “ताशी सोळा डॉलरवर माणसं येतील इथं?”

डेलनं छाती फुगवली. “बाईसाहेब, आमच्या गावात तशी गरज कुणालाच नाही!”

कॉफी ओतता ओतता लोरेटा म्हणाली, “येतील. मी स्वतः येईन.”

“आमची लोरेटा भारी विनोदी,” असं म्हणत डेल एवढा हसला की सिरप टायवर सांडलं.

कारखाना ओस्विनला गेला. त्यांचं पत्रक म्हणजे टाचणी मारलेले दोन कागद. अकरा टक्के लोक रिकामे, हे पहिल्याच ओळीत.

“त्या भिकारड्यांना?” डेल कडाडला. “त्यांचे आकडे तरी बघितले का कुणी?”

“बघितले, म्हणूनच गेले,” लोरेटा म्हणाली.

वसंतात जोलीनला ओस्विनच्याच कारखान्यात काम लागलं. लोरेटानं लेकीकडे जायला घर विकायला काढलं आणि शेवटचं पत्रक टाइप केलं. कैदी तसेच, बंगले तसेच. लोकसंख्येत मात्र एक कमी.

“हा एक कोण गं?” डेलनं विचारलं.

“मी.” तिनं कचेरीची किल्ली त्याच्यासमोर टाकली. “भरून काढ हवं तर. तुरुंगात जागा आहे.”