न दिलेला राजीनामा

टायपिंगवाल्या अप्पांची हयात टाइपरायटरवर गेली. तिथे कागद कोरा असायचा आणि आपण बडवू तेवढंच त्यावर उमटायचं. त्यामुळे संगणकावर उघडलेलं नवं पान आधीच लिहिलेलं निघालं, तेव्हा अप्पांना वाटलं, आपलंच डोकं फिरलं.

सुनेने त्यांना फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. एका शिक्षिकेचा राजीनामा टाइप करताना समास, अक्षरं, तारखेची जागा, सगळं इतकं मनाजोगतं जमलं की अप्पांनी तो साचा म्हणून जपून ठेवला. ठेवताना खाली एक बारका चौकोन दिसला, त्यावरही टिचकी मारली. तो कशाचा, कोण वाचतंय!

तेव्हापासून प्रत्येक नवं पान राजीनामा देतच उघडू लागलं. अप्पा मुकाट्याने पुसायचे आणि पुढचं काम करायचे. सुनेला विचारायला जीव धजेना.

एके दिवशी औषधांच्या गोदामाचा रखवालदार रजेचा अर्ज करून घेऊन गेला. दोन दिवसांनी तो धापा टाकत आला.

"अप्पा, साहेबांनी मंजूर केलं!"

"मग रडतोस कशाला?"

"रजा नाही हो, राजीनामा!"

अर्जाच्या तळाशी एक ओळ पुसायची राहिली होती: तरी माझा राजीनामा स्वीकारावा, ही विनंती. खाली रखवालदाराची सही. अप्पांनी तो कागद उचलला. तसेच दोघं साहेबांकडे गेले.

"साहेब, चूक याची नाही. कागदच राजीनामा देतो."

साहेबांना ते पटेना. शेवटी अप्पांनी सुनेला फोन लावला आणि साहेबांनाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"अप्पा, तुम्ही राजीनाम्यालाच मूळ साचा करून ठेवलंय. नवं पान त्यातूनच निघतं."

"पण मी रोज पुसतो की!"

"पानावरचं पुसता. साच्यातलं तसंच राहतं ना!"

अप्पांना काही उमगलं नाही. साहेबांना मात्र हसू आवरेना. त्यांनी अर्ज फाडला. "जा, रजा घे. मग ये कामावर."

रखवालदार हलला नाही. "साहेब, नोकरी गेली म्हटल्यावर बायको म्हणाली, बरं झालं, रात्रीचा घरी तरी असशील. दिवसपाळी मिळेल का?"

साहेब गडबडले. "बघतो," म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात खरंच दिली.

सुनेने मात्र फोन झाला त्याच संध्याकाळी मूळ साचा पूर्ववत केला. कोरं पान बघून अप्पांनी विचारलं, "मग मी केलं ते चुकलं की बरं झालं?"

"ते रखवालदाराच्या बायकोला विचारा, अप्पा," सून म्हणाली.