तलाव मोजायला सांगलीला

साताऱ्याहून आमची गाडी सकाळी सात वाजता निघाली, तेव्हाच मनातून माझा निर्णय झालेला होता. पाहणीला निघालेल्या माणसाचा तो तसा होऊ नये.

रेवा, ईशान, आधी काम सांगते. येत्या हिवाळ्यात प्रौढांची राष्ट्रीय जलतरण स्पर्धा आपल्या भागात होणार आहे. ती साताऱ्यात घ्यावी की सांगलीत, हे पाहण्यासाठी जलतरण मंडळाने दोघांना नेमले. एक मी आणि दुसरे वडूजचे निवृत्त सुभेदार माने. तुम्ही त्याच सुमारास सुट्टीत येणार आणि जिथे स्पर्धा तिथेच दहा दिवस राहणार, असे तुमच्या बाबाने कळवले आहे. म्हणजे साताऱ्यात झाली तर माझ्याकडे. सांगलीत झाली तर तुमच्या आईच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे (सुनेची आई ती आपली विहीण).

सांगलीचा अर्ज विहीणबाईंनीच केला होता. पाहणीला मी येणार हे कळल्यावर त्यांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट जेवायला बोलावले. तेही मला खुपले.

निघण्यापूर्वी आपल्या साताऱ्याच्या तलावाची पाहणी केली. दहा मिनिटे पुरली. अकरा वर्षे मी तिथे रोज पोहते आहे, पाहायचे काय? उन्हाळ्यात तो बंद ठेवून नव्या निळ्या फरशा बसवल्या, त्या छान दिसतात. भिंतीवर 'लांबी ५० मीटर' असा फलक आहे. मंडळाने दिलेल्या पाहणीच्या तक्त्यात मी लिहिले, 'लांबी पन्नास मीटर, फलकानुसार', आणि पेनला टोपण लावले.

कराडच्या अलीकडे धुके होते. मलकापूरला चहा आणि गरम कांदाभजी घेतली. सुभेदार म्हणाले, "म्याडम, आपल्या स्पर्धेत ऐंशी वर्षांची पोरं येणार. दवाखाना जवळ पायजे बघा."

"साताऱ्यात दवाखाने नाहीत का?"

"हायत की. पर मिरजेला दवाखान्यांची रांगच हाय. आणि रेल्वेचं जंक्शन बी तितंच. सांगलीला लय सोयीचं पडतंय."

मी दुसरे भजे घेतले नाही.

पेठ नाक्यावरून वळलो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. तुरे आले होते. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे आम्ही, असे तासभर चाललो. सपाट, हिरवा, पाण्याचा मुलूख. अजिंक्यताऱ्यासारखा एक डोंगर नाही, असे मी वहीत नोंदवले. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

तलावाच्या फाटकाशी विहीणबाई उभ्या होत्या. केस ओले. म्हणजे सकाळचे पोहणे उरकून आल्या होत्या.

"आवं या, या विहीणबाई! वाळलाय की लय. साताऱ्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?"

"घालतात. मोजून घालतात," मी म्हणाले.

त्या खो खो हसल्या. माझ्या बोलण्याला त्या नेहमी हसतात आणि त्यामुळे माझ्या बोलण्यातली धार फुकट जाते. विहीणबाई मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकल्या, पाठीला सांगड (वाळलेल्या पोकळ भोपळ्यांची जोडी) बांधून. मी शिकले पुण्याच्या कॉलेजात, पुस्तकातल्या आकृत्या पाहून. आम्ही दोघी एकाच वयोगटात आहोत. गेल्या तीन स्पर्धांत शंभर मीटरला त्या पहिल्या आल्या आणि मी दुसरी. विचारले तर म्हणतात, "मी कसली पवतीया, नुसतं हात हालिवते."

त्यांचा तलाव मात्र मी फलकावर सोडला नाही. पोलादी टेप काढली, एक टोक सुभेदारांकडे दिले आणि कडेच्या भिंतीलगत पाण्यापर्यंत वाकून दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा मोजले. खरे सांगते, तो दोन बोटे तरी कमी भरावा अशी माझी इच्छा होती. पन्नास मीटरला दोन-तीन सेंटीमीटर जास्त चालतात, पण एकही कमी चालत नाही. कमी लांबीच्या तलावातले विक्रम धरतच नाहीत. शेवटच्या वेळी मी इतकी वाकले की चष्मा पाण्यात पडला. खोल बाजूला.

मी "अगंबाई" म्हणेपर्यंत विहीणबाईंनी अंगावरच्या पंजाबी ड्रेससकट सूर मारला होता. वर आल्या त्या चष्मा स्वतःच्या नाकावर लावूनच.

"आता वाचा काय भरलंय ते," म्हणाल्या.

पन्नास मीटर दोन सेंटीमीटर भरले होते. चोख.

त्यांच्या घरी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. वांगी माझ्या हातच्यापेक्षा चांगली झाली होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि पडद्यावर रेवा, तू होतीस. "आज्जे, आज किती फेऱ्या मारल्यास गं?" असे तू ओरडलीस. मग मी दिसले तशी सावरून बसलीस आणि म्हणालीस, "नमस्कार आजी, तुम्ही बऱ्या आहात ना?" मोठ्यांशी असे बोलावे हे मीच तुम्हाला शिकवले.

जेवण झाल्यावर विहीणबाईंनी तक्ता मागितला. बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या आणि साताऱ्याच्या रकान्याशी थांबल्या.

"फलकानुसार म्हंजी?"

"तिथे भिंतीवर लिहिलेले आहे."

"आमच्या बी भिंतीवर लिवलंय की. मग तुमी कवाधरनं वाकून काय मोजत हुता?"

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर पाहिले. चाळीस वर्षे मुलींच्या वह्या तपासणारी इंग्रजीची शिक्षिका मी, तक्ता त्यांच्या हातून घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

साडेतीनला निघालो. निरोपाला त्यांनी भडंगाची (तिखट कुरमुऱ्यांची) मोठी पिशवी दिली. साताऱ्यात गाडी घरी न नेता सरळ तलावावर न्यायला सांगितली. अजून उजेड होता. सुभेदारांनी एक टोक धरले, मी दुसरे.

एकोणपन्नास मीटर सत्त्याण्णव सेंटीमीटर.

तीनदा मोजले. तेवढेच. जुन्या फरशा न काढता नव्या त्यांच्यावरच चिकटवल्या होत्या. दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटीमीटर जाडी वाढली आणि आपला तलाव आखूड झाला. हे काम मी रोज कट्ट्यावर उभी राहून पाहिले होते. निळा रंग सुचवला होता तो मीच.

"म्याडम, हे मी बी बघितलं न्हाई म्हणतो," सुभेदार हळू म्हणाले. "तुमची नातवंडं यायची हायत."

"तुम्ही पाहिले आहे, सुभेदार," मी म्हणाले, आणि फलकानुसार हा शब्द खोडून खरा आकडा लिहिला. खाली शिफारस लिहिली, सांगली. दोघांनी सह्या केल्या.

घरी येऊन विहीणबाईंना फोन केला. वाटले होते, जिंकल्यासारखे हसतील. त्या हसल्या नाहीत.

"मग तुमी बी धा दिस हिकडंच या ऱ्हायला. पोरं काय माझ्या एकटीची हायत व्हय?"

"बघते. कळवते," मी म्हणाले.

जाणार तर आहेच. त्या तुम्हाला कृष्णेच्या घाटावर नेतील, तुम्ही त्यांच्या गळ्यात पडाल, आणि शंभर मीटरला त्या बहुधा पुन्हा पहिल्या येतील. माझा हेवा काही कमी झालेला नाही. एका घरात राहून तो वाढेलही. पण इतकी वर्षे तो मी लांबून केला. या वेळी तुमच्या शेजारी बसून करीन. आणि रेवा, मलाही 'अगं आजी' म्हटलेस तर चालेल.