उघाडीचं दार

डॉक्टरांनी मला साखर आहे म्हणून सांगितलं आणि बायकोने मला शेतावर धाडलं. खारघरच्या आमच्या सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, पण मी ट्रॅकपेक्षा बाकावरच जास्त दिसतो, ही बातमी तिला लागली होती. ती सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकवते. "उरणला त्यांचं शेत आहे. दर शनिवारी जायचं. चिखलात बाकडी नसतात," ती म्हणाली.

शेत म्हणजे दोन एकर खारजमीन. तिन्ही बाजूंना कंटेनरचे ढीग, चौथ्या बाजूला मातीचा बांध आणि पलीकडे खाडीचा फाटा. बांधात एक उघाडी होती, म्हणजे वरून टांगलेलं लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने ते मिटायचं, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. त्याला माणसाने हात लावायचा नाही, एवढंच काम.

तिथे तीन सिस्टर राबायच्या. थोरल्या सिस्टर साठीच्या पुढच्या, वसईच्या शेतकरी घरातल्या. पायांत गमबूट, डोक्यावर झग्याला न शोभणारी गवती टोपी. खत नाही, फवारणी नाही. थोडाफार खार सोसणारा, राता नावाचा लाल तांदळाचा भात तेवढा लावायचा. रोज सकाळी बांधातली खेकड्यांची बिळं हाताने लिंपायची, मग प्रार्थना. आजूबाजूच्यांनी जमिनी विकल्या तसा त्यांच्या वाटणीचा बांधही सिस्टरांच्याच गळ्यात पडला होता. सोबतीला गावातली एक आगरी मावशी. तिचं शेत मुलांनी विकलं होतं, पण पाय इकडेच वळायचे.

मला पहिल्या दिवशी भात आणि गवत यांतला फरक कळला नाही. मी रोपं उपटली. "अहो सातारावाले," थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "गवताला का दया दाखवता?" त्यानंतर माझ्याकडे बिळं लिंपायचं खातं आलं.

श्रावणात एकदा माती थापता थापता त्यांनी मला सांगितलं, की वरिष्ठ मदरनी हे शेवटचं वर्ष दिलं आहे. पुढच्या पेऱ्याचं बी आणि शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींपुरता तांदूळ निघाला, तर शेत राहील. नाहीतर जागा यार्डवाल्यांना भाड्याने. "यंदा पिकलं तर भात, नाहीतर कंटेनर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसताना हात थांबला नाही.

भाताने दाणा धरला आणि पाऊस गेला. त्याच सुमारास सिस्टरांचा वर्षाचा एकांत आला. आठ दिवस मठात राहून मौन आणि प्रार्थना, कुणाशी बोलायचं नाही. मावशीही दोन दिवस लेकीकडे जाणार होती. मी ऐटीत रजा टाकली.

"फक्त बिळं बघा," सिस्टरांनी बजावलं. "बाकी काही करू नका. काही म्हणजे काहीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तर शेताच्या कडेला भेगा. पलीकडे फाट्यात पाणी चढत होतं. आमच्या गावाकडे वडील पाटाच्या पाळीसाठी रात्र-रात्र बांधावर बसायचे. पाणी आलं की घ्यायचं, हेच आम्हाला ठाऊक. समुद्र तिथून दिसत नाही. पावसाळ्यात मी त्याच फाट्यात डोंगरावरून आलेल्या गोड्या पाण्याने चूळ भरली होती. मी उघाडीचं दार दोरीने ओढून खुंटाला बांधलं. पाणी खळखळत आत आलं, भेगा मिटल्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. वहिनीने टाळ्या पाठवल्या. भावजींनी विचारलं, नन झालास का? दार तसंच ठेवून मी घरी गेलो. त्या रात्री पौर्णिमेचं उधाण होतं.

सकाळी पोहोचलो तेव्हा मावशी बांधावर उभी होती.

"दादा, दार कोनी बांदला?"

"मी. भात सुकत होतं."

तिने ओंजळ माझ्यापुढे धरली. मी जीभ लावली.

"खारा पानी हाय," ती म्हणाली. "भरल्या दान्याव खारा पानी घातलास? आता काय बी नाय पिकनार."

ती सिस्टरांना बोलवायला गेली. थोरल्या सिस्टर आल्या, गमबूट न घालताच पाण्यात उतरल्या. एक लोंबी चिमटीत दाबली, तशीच सोडून दिली. माझ्याकडे पाहिलं. मौनाचा तिसरा दिवस होता. त्या नेम पाळत होत्या की माझ्याशी बोलायचं उरलं नव्हतं, मला कळेना. मी दोनदा "सिस्टर" म्हटलं. त्यांनी खुंटाची दोरी सोडली आणि निघून गेल्या.

आठवड्यात भात पांढरं पडलं. उंचवट्यावरचं टोपलीभर वाचलं.

पुढच्या महिन्यात वरिष्ठ मदर आल्या. मलाही बोलावलं होतं, बायको सोबत होती. टेबलावर चहा आणि नानकटाई. मदरनी विचारलं, "दार उघडं कसं राहिलं?"

"शेत माझ्या ताब्यात होतं," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "मी ते सोडून गेले. चूक माझी."

मदर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो. आणि साखर असलेल्या माणसाने नानकटाई उचलली.

बायको गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. थोरल्या सिस्टरांची बदली शहरातल्या वृद्धाश्रमात झाली, तिथे कुंडीलाही जागा नाही. दिवाळीनंतर डंपर आले. बांध सपाट व्हायला दोन दिवस पुरले.

आमच्याकडे चार पाहुणे जमले, की कुणीतरी म्हणतंच, "ते समुद्राने शेत भिजवल्याचं सांगा ना!" मी साग्रसंगीत सांगतो, दोरी ओढून दाखवतो, मावशीच्या ओंजळीपाशी सगळे हसून लोळतात आणि मी तिथेच थांबतो. बायको तोपर्यंत ताटं उचलून आत गेलेली असते.